पाच गुरुवारची कथा, शेवटचं पान सोडून

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

किराणाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, ती रोजनिशीला. नवी वही कथेसाठी राखून ठेवली. तिला हळदकुंकू लावलं, वर ॥श्री॥ घातलं, स्वस्तिक काढलं. खून लिहायचे असले तरी सुरुवात चांगली पाहिजे.

वाचनालयात गुन्हेकथा लेखनाचा पहिला वर्ग झाला. आठ रविवार, फी नाही. शिकवणारे आबासाहेब, मोहोळचे, रिटायर फौजदार. मिशा अजून नोकरीत आहेत. म्हणाले, आता नुसत्या गुन्ह्यावर वाचक बसत नाही. त्यात प्रेमकथा मिसळा, भूतकथा मिसळा, कौटुंबिक मिसळा. मी हात वर करून विचारलं, प्रमाण किती? म्हणाले, अंदाजानं. अंदाजानं मी मीठसुद्धा घालत नाही. तरी लिहून घेतलं.

शेवटच्या रविवारी उत्तम कथेची निवड होऊन ती वाचनालयाच्या विशेषांकात छापणार. ती माझी असेल. वर्गात बारा जण आहेत. त्यातले चार पेंगत होते. एक सना म्हणून कॉलेजची मुलगी आहे, तेवढीच जरा चुणचुणीत.

संकल्प: रोज एक खून रचायचा. उपवासाच्या दिवशी नाही.

ह्यांना सांगितलं. ह्यांचं टॉवेलच्या शोरूममध्ये काम असतं, दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलून घरी बोलायला शब्द उरत नाहीत. तरी म्हणाले, माझ्या विम्याचे कागद कुठं आहेत ते तुला ठाऊक आहे, तेव्हा जपून लिही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गुन्हा + प्रेमकथा. दोघं तलावाच्या काठी बसतात. त्यानं शेंगा सोलल्या. तिनं खाल्ल्या. पुढं काय बोलतील ते सुचेना. अर्धा तास गेला, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. शेवटी त्याला मारून टाकलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

वर्गात वाचली. आबासाहेब म्हणाले, वैजयंतीबाई, ह्यात प्रेम कुठाय? मी म्हटलं, शेंगा सोलून दिल्या की. वर्ग हसला. ह्या घरात तीस वर्षांत मला कुणी शेंग सोलून दिलेली नाही, ते ह्या पोरांना काय कळणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गुन्हा + भूतकथा. संध्याकाळी लिहायला भीती वाटते म्हणून दुपारी लिहिली. त्यामुळं भूतही दुपारचंच आलं. सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, ऊन लई हाय, भूत घामाघूम हुईल की.

सासूबाई, बजाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, माहेर मंगळवेढ्याकडचं. बीपीच्या गोळ्या रोज दोन, रक्त पातळ करायची एक. त्याशिवाय तब्येत माझ्यापेक्षा बरी. बसल्या बसल्या शंभर वाती करतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अमावास्या. लिहिलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सापडलं!!

आबासाहेब म्हणाले, जे तुम्हाला परकं आहे त्यात गुन्हा घालू नका. जे हातातलं आहे त्यात घाला. मी घरी येऊन विचार केला, माझ्या हातातलं काय? तर व्रतं. मॅट्रिकला मराठीत पासष्ट मार्क होते, आणि त्यानंतर मी फक्त पोथ्या वाचल्यात. म्हणजे गुन्हा + व्रतकथा. ही मिसळ महाराष्ट्रात कुणी केली नसेल.

कथा अशी. एक सून आहे. घरात श्रीमंत सासरा, रोजच्या गोळ्यांवर जगणारा. सून सांगते, देवी स्वप्नात आली. पाच गुरुवारचं व्रत सांगितलं. वडीलमाणसानं सगळी औषधं सोडायची, गोळ्या तुळशीच्या मातीत अर्पण करायच्या आणि देवीच्या तांब्यातलं पाणी घ्यायचं. सासरा भाबडा. पाचव्या गुरुवारी तो जातो. विष नाही, सुरा नाही, रक्ताचा थेंब नाही. शेवटच्या पानावर फौजदार येतो आणि सुनेला बेड्या.

दोन बैठकींत लिहून झाली. मला वाटतं हे देवीनंच लिहून घेतलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आबासाहेबांना फोनवर वाचून दाखवली. ते एस.टी.त होते, तरी ऐकली. शंका दोन काढल्या. एक, सासऱ्याला त्रास होऊ लागल्यावर तो घाबरून डॉक्टरकडं का जात नाही? दोन, तो कुणाला सांगत का नाही?

दोन्ही भोकं बुजवली. देवीच्या तोंडी घातलं: पहिल्या गुरुवारी अंग हलकं होईल. दुसऱ्या गुरुवारी डोकं जड होईल, भिऊ नये, पीडा निघते आहे. तिसऱ्या गुरुवारी कानात रहाट फिरेल. चौथ्या गुरुवारी पाय जमिनीला लागणार नाहीत. पाचव्या गुरुवारी सर्व व्याधींतून सुटका. आणि व्रत चालू असता घरात कुणाला सांगू नये, सांगितल्यास फळ नाही.

लक्षणं खरी आहेत. दोन वर्षांपूर्वी सासूबाई मंगळवेढ्याला गोळ्या विसरून गेल्या होत्या, तेव्हा जे जे झालं ते आठवून लिहिलं. लेखकानं आयुष्यातून घ्यावं असं आबासाहेब म्हणतात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आबासाहेबांचा नियम: स्पर्धेआधी पाच वाचकांना द्या, ते काय म्हणतात ऐका. पाच झेरॉक्स काढल्या. झेरॉक्सवाल्याला विचारलं, मागं पुढं दोन्हीकडं होईल का? चार पानांत बसलं. पाचवं पान, सासऱ्याच्या मरणाचं आणि बेड्यांचं, काढलं नाही. काटकसर म्हणून नाही. सस्पेन्स म्हणून. वाचक तळमळले पाहिजेत. मग मी शेवटचं पान घेऊन जाईन.

नाव घातलेलं नाही. छापून आल्यावर एकदमच कळू दे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. कलश मांडला, पाच पत्री, पाच फळं. संध्याकाळी हळदकुंकवाला पाच जणी. प्रत्येकीला केळं, फूल आणि माझी कथा. मी मुद्दाम काही बोलले नाही. आपलं आपण वाचावं. सगळ्यांनी ती कपाळाला लावून घेतली. साहित्याबद्दल एवढा आदर ह्या कॉलनीत असेल असं वाटलं नव्हतं.

शेजारच्या गुरम्मानं तर पिशवीत न ठेवता हातातच धरली.

१ डिसेंबर, सोमवार

गुरम्माच्या ओट्यावर दुपारी चार जणी जमतात आणि ती माझी कथा मोठ्यानं वाचते! सासूबाईसुद्धा जातात, डोळ्यांना वाचायला दिसत नाही म्हणून ऐकायला. इथून खिडकीतून आवाज येतो, शब्द कळत नाहीत. जाऊन बसावंसं लई वाटलं, पण लेखकानं वाचकांच्या मधे जाऊ नये. पण वाचून झाल्यावर हसण्याचा, बोलण्याचा आवाज नाही. एकदम शांत होतात. भीती बसली म्हणजे असंच होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. गुरम्मा सकाळीच आली. म्हणाली, अक्का, तुम्ही दिलेलं लई चांगलं निघालं. मी विचारलं, अंगावर काटा आला का? म्हणाली, आला की, आम्ही सगळ्याच सुरुवात केली आज.

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. चांगली कथा दोनदा वाचावी लागते.

५ डिसेंबर, शुक्रवार

सासूबाई म्हणतात, अंग कसं हलकं हलकं वाटतंय. दोन वाट्या आमटी प्यायल्या. चेहऱ्यावर वेगळंच तेज. मी म्हटलं, काय झालं? तर तोंडावर बोट ठेवून हसल्या. म्हातारपणी माणूस लहान होतं.

७ डिसेंबर, रविवार

वर्गात सांगितलं की माझे पाच वाचक कथा पुन्हा पुन्हा वाचतात. आबासाहेब म्हणाले, मग तुम्हाला शिकवायचं काय राहिलं? सनानं विचारलं, काकू, शेवट आवडला का त्यांना? मी म्हटलं, शेवट अजून दिलेलाच नाही. ती म्हणाली, काकू, मला द्या की एक प्रत. आणखी एक झेरॉक्स काढून दिली.

योजना: विशेषांक. मग पाच व्रतांच्या पाच गुन्हेकथांचं पुस्तक. मग सिरियलवाले येतील. त्यांना चहाच द्यायचा, फराळ नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

सासूबाईंचं डोकं जड झालंय. भिंत धरून न्हाणीपर्यंत गेल्या. त्यांचा हात भिंतीवर घासल्याचा खर खर आवाज स्वयंपाकघरात येत होता. नोंद करून ठेवली, भूतकथेला उपयोगी पडेल.

आणि चमत्कार म्हणजे माझ्या कथेतही दुसऱ्या गुरुवारी डोकं जड होतं! लेखकाला पुढचं दिसतं म्हणतात ते खोटं नाही.

बाम लावला. नको म्हणाल्या. डॉक्टरकडं जाऊ म्हटलं तर जवळजवळ ओरडल्याच. भिऊ नगं, म्हणाल्या, निघतंय ते.

१३ डिसेंबर, शनिवार

औषधाच्या दुकानात ह्या महिन्यात जावंच लागलं नाही. सासूबाईंच्या डब्यात गोळ्या शिल्लक आहेत. ह्यांना सांगितलं, बघा, कशी पुरवते. ह्यांनी पेपर खाली केला नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार, सकाळी

लगेच लिहून ठेवलं पाहिजे.

तुळशीला पाणी घालताना मातीत पांढरे ठिपके दिसले. बोटानं उकरलं. गोळ्या. सासूबाईंच्या. भिजून फुगलेल्या, काही फुटलेल्या. मोजल्या, अकरा. तुळशीची खालची पानं काळी पडायला लागलीत.

कुणीतरी सासूबाईंच्या गोळ्या चोरून इथं पुरतंय. माझ्या घरात गुन्हा चालू आहे.

आणि गुन्हेगारानं माझी कथा वाचली आहे! जागासुद्धा तीच, तुळशीची माती.

संशयित:
१. हे. मोटिव्ह: मंगळवेढ्याची दोन एकर ज्वारीची जमीन, अजून सासूबाईंच्या नावावर. शिवाय गप्प असतात.
२. गुरम्मा. मोटिव्ह सापडत नाही. पण फार गोड बोलते.
३. अज्ञात.

आबासाहेबांचा नियम: पुरावा जागेवरून हलवायचा नाही, आणि ज्याच्यावर घात व्हायचा आहे त्याला सावध करायचं नाही, नाहीतर गुन्हेगार सुटतो. गोळ्या परत मातीत घातल्या. सासूबाईंना काही सांगितलं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

कुंडीभोवती ज्वारीचं पीठ भुरभुरलं, पाऊल उठावं म्हणून. सकाळी एकच पाऊल होतं, सासूबाईंचं. त्या रोज तुळशीला हात जोडायला जातात म्हणून ते वजा केलं. बाकीचं पीठ मुंग्यांनी नेलं. पुढच्या वेळी राख.

ह्यांच्या चपला तपासल्या. स्वच्छ. फारच स्वच्छ.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, उद्यापन. पुरणपोळी केली. सासूबाईंनी एकच घास खाल्ला. कानात रहाट फिरतोय म्हणतात. बोलताना मधेच थांबतात, जसं काही विहिरीत कुणी बोलतंय ते ऐकतायत. पण खूश आहेत. मला जवळ घेऊन म्हणाल्या, वैजू, तू घरात लई चांगली चीज आणलीस. मला वाटलं मिक्सरबद्दल बोलतायत.

ह्यांच्यावर नजर ठेवून आहे. आज आईच्या पायाशी बसले होते. पाय सुजलेत म्हणाले. बघा, कसं लक्षात येतंय ह्यांना.

२१ डिसेंबर, रविवार

वर्ग संपल्यावर सनानं जिन्यात गाठलं. कथा हातात होती, घडी घालघालून मऊ झालेली. म्हणाली, काकू, राग येऊ देऊ नका. शेवटचं पान नसंल तर ह्यो खून वाटतच न्हाय. ह्यो तर उपाय वाटतोय. आमच्या आजीनं ऐकलं, तर ती म्हणाली, तांब्यातलं पाणी दर्ग्याचं चालंल का म्हणून विचार.

मी तिला शांतपणे सांगितलं की सस्पेन्स म्हणजे काय. मुलगी हुशार आहे पण वय लहान. शिवाय तिची स्वतःची कथा स्पर्धेत आहे. समजतं मला.

जाताना ओरडली, काकू, निदान वर कथा म्हणून तरी लिहा की!

२३ डिसेंबर, मंगळवार

रोज एक धरली तर गोळ्या आता अठरा झाल्या असाव्यात. उकरून बघायचं धाडस झालं नाही. तुळस पूर्ण वाळली. तिच्याकडं बघवत नाही. खिडकी लावून घेतली.

पाळतीत अडचण आहे. घरात तीनच माणसं. मी नाही. सासूबाई नाहीत. मग ह्यांच्याशिवाय कोण? तीस वर्षं ज्याला वाढलं त्याच्या ताटाकडं आज प्रथमच संशयानं बघितलं. शनिवारी आबासाहेबांना घरी बोलवायचं ठरवलं. विशेषांकात कथा, आणि शेजारीच बातमी: लेखिकेनेच पकडला गुन्हेगार.

२५ डिसेंबर, गुरुवार, दुपारी ४, दवाखान्यातून

आज सकाळी साडेदहाला सासूबाई उंबऱ्यात पडल्या. आवाज झाला नाही, हीच भीती वाटली. दोरीवरचं पातळ खाली पडावं तशा पडल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात उचलत नव्हता. पण डोळे उघडे होते आणि बोलायचा प्रयत्न करत होत्या. पाय... लागत... न्हाईत... जमिनीला. हे म्हणताना आनंदात होत्या. तो आनंद मी विसरू शकणार नाही.

रिक्षातून आणलं. हे, मी आणि गुरम्मा. डॉक्टरांनी मशीन लावलं, आकडा बघून दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? हे म्हणाले, हो, रोज. मी म्हटलं, खोटं बोलतायत. सगळा व्हरांडा वळला. मी ह्यांच्याकडं बोट करून सांगितलं, गोळ्या तुळशीत आहेत, मी स्वतः बघितल्यात, आता खरं सांगा, दोन एकरांसाठी आईला?

हे नुसते बाकावर बसले. 

आणि गुरम्मा रडायला लागली. अक्का, असं काय बोलता? आज चौथा गुरुवार होता की. एकच राहिला होता. घरात सांगितलं तर फळ नाही म्हणून मावशी गप्प होत्या. मीसुद्धा थायरॉइडची गोळी सोडलीय, अक्का. तुम्हीच पोथी दिली. तुम्हीच दिली.

आणखी काही लिहवत नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

झटका मोठा नव्हता, वेळेत आणलं म्हणून वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्या चुकल्या तर दुसरा झटका येईल आणि तो एवढा दयाळू नसेल. पण सासूबाई तोंड उघडत नाहीत. सलाईन चालतं, सुई चालते. सुईचं पोथीत काय लिवलेलं न्हाय, म्हणतात. गोळी दाखवली की दात घट्ट. पाचवा गुरुवार झाल्यावर बगू.

पाचवा गुरुवार म्हणजे १ जानेवारी. पाचव्या गुरुवारी सुटका. वाक्य माझं आहे. मला ते फार आवडलं होतं.

२७ डिसेंबर, शनिवार

कबुली दिली. कॉटजवळ बसून, हात धरून. म्हटलं, आत्या, ती पोथी नाही. ती मी लिहिलेली गोष्ट आहे. खुनाची.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. अर्ध्या तोंडानं हसल्या. तू? म्हणाल्या. अगं बाई, तू वाण्याची यादी लिवतीस.

मी म्हटलं, अक्षर बघा, माझंच आहे. म्हणाल्या, मला म्हाईत हाय, तू उतरवून घेतलीस, लई पुण्य लागंल तुला. पण लिवणं येगळं न् उतरवणं येगळं.

२८ डिसेंबर, रविवार

वर्गाचा शेवटचा दिवस. गेले नाही. पाचवं पान घेऊन दवाखान्यात गेले आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. फौजदार, बेड्या, सुनेची कबुली, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ह्ये मागनं कुणीतरी घुसडलंय. आदीची भाषा बग आन् ही बग. देवी कुटं आन् हवालदार कुटं.

मी म्हटलं, हवालदार नाही, फौजदार. म्हणाल्या, तेच.

संध्याकाळी आबासाहेब आले, थेट वर्गातून. मीच फोन केला होता, साक्ष द्यायला. कॉटसमोर ताठ उभे राहिले. म्हणाले, आजी, ही कथा ह्यांची आहे, मी फोनवर ऐकली आहे, माझ्या सूचनेनंच त्यात बदल झालेत. सासूबाई म्हणाल्या, साहेब, तुमी चोर पकडा, पोथीतलं तुमाला काय कळतंय? बसा, पेढा खावा.

बाहेर व्हरांड्यात आबासाहेबांनी टोपी काढली. मला वाटलं रागावतील. हळू म्हणाले, बाई, चाळीस वर्षं नोकरी केली, असला निर्दोष गुन्हा बघितला नाही. निवड तुमच्या कथेची झाली होती. छापू का?

मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला छापू का विचारलं, आणि मी नको म्हटलं. बक्षीस सनाला मिळालं. बरं झालं. तिनं सांगितलं होतं.

२९ डिसेंबर, सोमवार

सासूबाईंना घरी आणलं. चार प्रती परत मिळाल्या, शिवाय सनाचीही. एकीनं देव्हाऱ्यात ठेवलेली, हळदीनं पिवळी झालेली. बाकीच्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, दोघींच्या नवऱ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. गुरम्माची प्रत अक्कलकोटला, तिच्या बहिणीकडं गेलीय. बहिणीनं तिच्या एकवीस काढून वाटल्या, पोथी एकवीस जणींना द्यावी म्हणून. गुरम्मा कानडीत फोनवर तासभर ओरडत होती. बारा घरं सापडली. नऊ अजून नाहीत.

ह्यांनी मला काही विचारलेलं नाही. चहा दिला की घेतात. 

३१ डिसेंबर, बुधवार

घरी आल्यावरही सासूबाईंनी गोळी घेतली नाही. मी वरणात कुटून घातली, वास आला, वाटी सरकवली. डॉक्टर म्हणाले उद्या सुईनं वेळ काढता येईल, परवा नाही. सासूबाई उद्याची वाट बघतायत. नवं पातळ काढून ठेवलंय. गुरम्माला म्हणाल्या, कापूर आण.

काय करू? खरं सांगितलं, पटलं नाही. पुरावा दाखवला, पटला नाही. साक्षीदार आणला, त्यानं पेढा खाल्ला.

मग एकच राहतं.

१ जानेवारी २०२६, गुरुवार, सकाळी ६

लिहून झालं. सहावा अध्याय. ह्यावेळी काही मिसळलं नाही. सून नाही, सासरा नाही, फौजदार नाही. पाचव्या गुरुवारी पहाटे देवी येते आणि म्हणते, मुली, तुझी परीक्षा पुरी झाली, मी संतुष्ट झाले. जे मातीत अर्पण केलंस ते प्रसाद म्हणून परत घे. सकाळी दोन, न्याहारीनंतर. संध्याकाळी एक, जेवणानंतर. एकही दिवस चुकवू नये, चुकवील त्याला माझा वास लाभणार नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरनं वेळा दोनदा तपासल्या.

हे उठून बाजूला बसले होते, मला कळलंच नाही. वाचलं त्यांनी. म्हणाले, न्याहारीनंतर की आधी, एकदा विचारून घे. आठ दिवसांत पहिलं वाक्य. मग स्वतःच डॉक्टरांना फोन लावून विचारलं. नंतरच.

नाव घातलं नाही.

दुपारी २

गुरम्मानं वाचलं. तिला सगळं ठाऊक, तरी एकदाही अडखळली नाही. कापूर लावला. आरती झाली. मी वाटीत दोन गोळ्या आणि तांब्याचं पाणी पुढं केलं. सासूबाईंनी डाव्या हातानं गोळ्या उचलल्या, कपाळाला लावल्या, तोंडात टाकल्या. गिळल्या. मी गळ्याकडं बघत होते.

मग उशीला टेकून बराच वेळ डोळे मिटून पडल्या. वाटलं झोपल्या. तर म्हणाल्या, ह्यो अध्याय काय पहिल्यासारका न्हाय वैजू. पहिल्यात कसा जीव हुता. ह्यात नुसतं सकाळी दोन, संध्याकाळी एक. कुणा बाईमाणसानं लिवल्यागत वाटतंय.

मी म्हटलं, असेल आत्या.

म्हणाल्या, तरी बी उतरवून ठेव. उपेगी हाय.

आता न सापडलेल्या नऊ घरांसाठी नऊ प्रती उतरवायला बसते. आज आरतीला आलेली गुरम्माची बहीण संध्याकाळच्या गाडीनं अक्कलकोटला परत जाणार आहे. झेरॉक्सचं दुकान आज बंद आहे.